बर्फातले दोन खड्डे: हिमस्खलनाचा धोका तपासण्याचा माझा अनुभव

त्या दिवशीच्या पूर्वसूचनेत हिमस्खलनाच्या धोक्याची पाचपैकी तिसरी पातळी दिलेली होती. तिसरी म्हणजे मधली, म्हणून धोकाही बेताचाच, असा माझा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात या पातळीवर काही उतारांवर एका माणसाच्या भारानेही बर्फाचा थर सुटू शकतो. म्हणून आकड्यापाशी न थांबता मी खालचा मजकूर दोनदा वाचला. जुन्या बर्फात तळाशी दाणेदार, कमकुवत थर टिकून आहे आणि पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेकडच्या उतारांवर बर्फ आणून साचवला आहे, असे त्यात म्हटले होते. आम्हाला चढायचा होता तो उतार ईशान्येकडे तोंड करून होता आणि नकाशावरून त्याचा कल 36 अंश येत होता. घसरणारी हिमस्खलने बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवरच सुटतात, त्यामुळे शंकेला जागा पुरेशी होती.

निघताना आम्ही तिघांनी एकमेकांचे ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव लावणारी रेडिओ यंत्रे, तपासले. फावडी आणि बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब शोधसळया प्रत्येकाच्या पाठीवर होत्याच.

मुख्य उताराच्या अलीकडे, त्याच दिशेचा आणि साधारण तेवढ्याच कलाचा, पण खाली दरी नसलेला एक छोटा उतार निवडून मी पहिला खड्डा खणला. जमीन 110 सेंटिमीटरवर लागली. वरच्या थरांत मूठ आणि मग चार बोटे शिरत होती, त्याखालच्या वाऱ्याने घट्ट केलेल्या थरात जेमतेम एक बोट जात होते, आणि तळाचे 30 सेंटिमीटर हातात घेताच साखरेसारखे ओघळले. थंडीच्या सुरुवातीला बर्फ उथळ असताना खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग फार थंड पडतो. या फरकामुळे बाष्प वर सरकत राहते आणि कणांची एकमेकांवरची पकड जाते. हे वाचलेले असले तरी ते दाणे बोटांतून निसटताना पाहणे निराळे असते.

मग कमकुवत थर किती सहज सुटतो आणि भेग किती पसरते हे पाहायला, उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा बर्फाचा खांब मोकळा करून त्याच्या एका टोकावर फावडे ठेवले व मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा अशा थापा मोजायला लागलो. बाविसाव्या थापेला भेग पडली, पण ती फावड्याखालीच राहिली. सोबतच्या दोघांचे चेहरे खुलले, आणि खरे सांगायचे तर मलाही चढावेसे वाटले. मात्र तो खड्डा एका जागेचा होता, आणि तिथे बर्फ जाड असल्यामुळे थापेचा जोर तळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होती. म्हणून साधारण 40 मीटरवर, खडकांजवळ जिथे बर्फ पातळ होता, तिथे दुसरा खड्डा खणला. याला अर्धा तास आणखी गेला, आणि दोघांना ते जड गेले हे मला दिसत होते. तिथे चौदाव्या थापेला भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली आणि वरचा सगळा ठोकळा पुढे घसरला.

सामान भरून सपाटीवरून निघालो, तोच पायांखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला. कमकुवत थर कोसळल्याची ही खूण कोणत्याही चाचणीपेक्षा स्पष्ट असते. त्यानंतर चर्चा झाली नाही. ईशान्येचा उतार सोडून आम्ही 25 अंशांहून कमी कलाच्या धारेने परतलो. वाटेत जिथे वरच्या उतारावरून सुटलेला बर्फ येऊन पोहोचू शकला असता, तो पट्टा एकेकाने ओलांडला, आणि बाकीचे दोघे नजर न हलवता उभे राहिले.

संध्याकाळी दोन्ही खड्ड्यांच्या नोंदी, उंची, उताराची दिशा आणि त्या आवाजाची जागा मी पूर्वसूचना केंद्राला कळवली. पहिल्या खड्ड्यातली बाविसावी थापही वगळली नाही.