पूर्ण व्हा म्हणजे नेमकं काय?

परवा रविवारी चर्चमधून आलो अन् दुपारी शेतात बांधावरून चुलतभावाशी कडाक्याचं भांडण झालं. जाताना तो एवढंच म्हणला, "दादा, सकाळी तर लई मोठ्यानं प्रार्थना करत होतास ना?" जिव्हारी लागलं.

रात्री बायबलमधलं मत्तयाचं पुस्तक उघडलं. 5 व्या अध्यायात येशू म्हणतो की स्वर्गातला बाप पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा, आणि 23 व्या अध्यायात शास्त्री-परूश्यांना, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, परत परत ढोंगी म्हणतो, कामून तर ते पुदिना, शेप, जिरं सगळ्याचा दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, मोजून द्यायचे पण न्याय आणि दया तेवढी बाजूला ठेवायचे. मूळ ग्रीकमधी ढोंग्यासाठी जो शब्द आहे तो नाटकातल्या नटाचा. आणि 'पूर्ण'चा जो शब्द आहे, तेलेइओस, त्याचा अर्थ निर्दोष एवढाच नाही तर पक्व, पुरतं वाढलेलं असाही होतो, म्हणजे हुरड्याचं कणीस भरून ज्वारी होते ना, तसं. (आमच्याकडं हे कुणी समजावून सांगतच नाही, नुसतं कडक राहा म्हणतात.) शिवाय ते वचन येतं कुठं, तर वैऱ्यावर प्रीती करा याच्या लगेच पुढं! येशूचा प्रेषित पौलसुद्धा फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात लिहितो की मी अजून पूर्ण झालो नाही, धावतोय.

सोमवारी सकाळी बांधावर गेलो. माझ्या बाजूनं नांगराचा फाळ हातभर आत घुसलेला दिसत होता, ओली काळी माती तशीच उलटी पडलेली. भावाला फोन लावला.