उठता बसता

दुपारी जेवणानंतर नेलकटर शोधत होतो. तो मिळाला नाही. ड्रॉवरात जुन्या लाइटबिलांच्या खाली कोरोनाच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर मात्र हाताला लागलं. तेव्हा घरातले सगळे आळीपाळीनं त्यात बोट घालून बसायचे, आता त्याला कुणी विचारत नाही. सेल बदलले आणि बोट घालून चटईवर आडवा झालो. वरचा आकडा 98, त्यात बघण्यासारखं काही नाही. खालचा नाडीचा. 68, 66, 65. बेळगावच्या शहापुरातली दुपार, पोटात आमटी-भात, डोक्यावर पंखा. 64.

तेवढ्यात बेल वाजली. ताडकन उठून दाराशी गेलो. आकडा 64 वरून 79, मग 87. कुरियरवाला पोरगा माझ्या बोटाकडं बघून दोन पावलं मागं सरला.

"काय झालं काका, बरं नाही काय?"

"बरं आहे की. हार्ट बघालोय."

सही न घेताच गेला बिचारा. मी आपला दारात उभा. आकडा हळूहळू 78 वर येऊन टेकला.

कुणी घाबरवलं नव्हतं, जिना चढलो नव्हतो, या वयात आणखी काही धडधडण्याजोगं घडण्याची शक्यता नव्हती. नुसता उठलो होतो. प्रेम, भीती, विरह सगळं आपण हृदयाच्या खात्यावर टाकून ठेवलंय. पण ते बिचारं दिवसभर बहुतेक आपल्या उठण्याबसण्याचीच उस्तवार करत असतं.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त रक्त पायांकडं आणि पोटाकडं उतरतं. हृदयाकडं परत येणारं रक्त कमी, म्हणून मेंदूकडं जाणारा दाब कमी. मानेतल्या आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, ती लगेच वर कळवतात. पुढचं चोर्ला घाट चढणाऱ्या ड्रायव्हरसारखं: आधी ब्रेकवरचा पाय निघतो, मग ॲक्सिलरेटर. वेगस नावाची नस हृदयाला एरवी आवरून धरते, ती पहिल्यांदा सैल सोडते. दुसऱ्या बाजूच्या नसा मागाहून जोर लावतात आणि शिरा आवळतात. उठल्यापासून साधारण पंधराव्या ठोक्याला हृदय सगळ्यात घाईत असतं, आणि तिसाव्याच्या आसपास पुन्हा जरा मंदावतं. सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात आपण चप्पल शोधत असतो. पडून असताना जे ठोके असतात त्याच्यापेक्षा दहा-वीस जास्तीवर गाडी स्थिरावते. तीस किंवा जास्त वाढले आणि तसेच टिकले, शिवाय उभं राहिलं की गरगरत असेल, तर डॉक्टर कान टवकारतात.

आजी सांगायची, आधी कुशीवर वळ, मग बस, मग ऊठ. ती स्वतः उठून बसली की तळहात बघायची, पुटपुटायची, जमिनीला हात लावायची आणि मगच पाय खाली. आमच्या पूर्वजांना सगळं सायन्स माहीत होतं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. आजीला रक्तदाब ठाऊक नव्हता. गल्लीत पहाटे उठताना कोण कोण पडलं, ते ठाऊक होतं.

उभं राहणं म्हटलं की मला शनिवारची सकाळची शाळा आठवते. साडेसातला प्रार्थना, बहुतेक पोरं नुसत्या चहावर आलेली. शाळेचं पटांगण लाल मातीचं, पावसाळ्यात चिकचिक, उन्हाळ्यात फुफाटा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, मग हेडसरांचं भाषण, ज्याला अंत नसे. चौथीतला एक पोरगा, विणकराचाच, माझ्या पुढं उभा असायचा. त्या दिवशी त्याची मान आधी घामानं चकाकायला लागली, मग कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या. मला वाटलं, रडतोय. तो गुडघ्यातून मोडला आणि तोंडावर आला. एकच गलका. बाईंनी शिपाईमामांना कांदा आणायला पिटाळलं. कांदा येऊन, फुटून, नाकाशी लागेपर्यंत पोरगं टक्क डोळे उघडून बघत होतं. श्रेय अर्थातच कांद्याला. पुढं कितीतरी दिवस त्याला आम्ही कांद्या म्हणायचो.

खरं तर त्याला त्याच्या पडण्यानंच बरं केलं होतं. ताटकळत उभं राहिलं की रक्त खालीच साचत जातं. एका हद्दीनंतर वेगस उलटा वागतो, भरभर चालणारं हृदय एकाएकी मंदावतं, शिरा सैलावतात, डोळ्यांपुढं अंधारी. माणूस आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीत येतं आणि रक्त पोचतं. म्हणून माझी एक जुनी चीड आहे. मंगल कार्यालयात कुणाला घेरी आली की चार उत्साही पाहुणे धावतात आणि त्याला काखेत धरून खुर्चीत बसवतात. अरे, निजवा त्याला! पाय वर करा! मी ओरडतो, ही माझा सदरा ओढते.

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड सुभेदार मामा आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतले. रेजिमेंटल सेंटर बेळगावातच, त्यामुळं परेड हा इथल्या माणसाच्या कानावरून रोज जाणारा विषय. त्यांना विचारलं, तासन्‌तास सावधानमध्ये उभं राहून चक्कर येत नाही? म्हणाले, "गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत. आणि बुटाच्या आत बोटं हलवत राहायची. वरून साहेबाला काय कळतंय!" त्यांनी स्लिपरमध्येच करून दाखवलं. अंगठा वर दिसत होता, पण खरं काम पोटरीत चाललं होतं, एक गाठ सरकून परत जागेवर येत होती. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. सीमाभागात तर सगळ्यांनीच हे शिकायला हवं. 1956 पासून उभेच आहोत, आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टाच्या दारात.

आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, पोटऱ्या आठवतात. वडगावात पॉवरलूमवर उभ्यानं आयुष्य गेलं. दोन मागांच्या मधे उभं राहायचं, धागा तुटला की वाकायचं, जोडायचं, परत उभं. घरी आले की पाय भिंतीला वर लावून जमिनीवर पडायचे, पोटरीवर निळ्या शिरा फुगलेल्या. बसून विणायचं म्हणजे खड्डामाग, तो आजोबांबरोबर गेला. आप्पांना साखर चाळिशीनंतर लागली. चहातली सोडली, बाकीची नाही.

शेवटी शेवटी उठताना भिंत धरायला लागले. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. डॉक्टरांनी पडल्यापडल्या ईसीजी काढला, मग उभं करून पट्टी चालूच ठेवली आणि पेन्सिलीनं ठोके मोजले. पंधरावा, तिसावा. ही तपासणी एडिनबराच्या डॉक्टरांनी मधुमेहींसाठी 1970 च्या दशकात रुळवली, हे मी नंतर वाचलं. उंचवट्यांमधलं अंतर इकडून तिकडं सारखंच होतं. पडून 92, उभं 93. साखरेनं नसा खाल्ल्या होत्या. माणूस उठलाय हे हृदयापर्यंत पोचतच नव्हतं. दाब मात्र उठल्याबरोबर धाडकन उतरायचा.

आप्पांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे ठोके एकसारखे आहेत. चांगलंच की ते?"

डॉक्टरांनी पट्टी घडी करून फायलीत ठेवली आणि म्हणाले, सावकाश उठत जा.

माझी साखर या खेपेला काठावर आलीय. हिनं कुंदा बंद केलाय. गणपतीपर्यंत पाळीन म्हणतो, पुढचं पुढं.