रोजनिशी : अंबड (नाशिक), बेंचवरचे चार ॲडॉप्टर

जानेवारीची कोरडी थंडी, बेंच बर्फासारखा गार. आज मोजमापाची उपकरणं लॅपटॉपला जोडणारे चार ॲडॉप्टर तपासायचे आहेत : दोन यूएसबी-जीपीआयबी (एकाच जोडणीवर अनेक उपकरणं), दोन यूएसबी-आरएस २३२ (जुना सीरियल पोर्ट, एका वेळी एकच उपकरण). चौघांवर चिठ्ठी एकच, ‘मध्येच बंद पडतो’. या चिठ्ठीचा काडीचा उपयोग नाही. मध्येच म्हणजे नेमकं कधी, हे कळलं की निम्मं निदान झालंच. काही मिनिटं काम नसलं की गायब होत असेल तर पॉवर सेव्हिंग. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की तुटत असेल तर केबल नाहीतर अर्थिंग. पहिल्याच कमांडला अडकत असेल तर ॲडॉप्टर बहुतेक निर्दोष, सेटिंग चुकलेलं.

पॉवर सेव्हिंगचं एका मिनिटात उरकतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडायचा, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी परवानगी असते तिची टिक काढायची. पॉवर प्लॅनमधलं सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे रिकामं यूएसबी उपकरण झोपवणारं सेटिंग, तेही बंद. पहिल्या ॲडॉप्टरचं दुखणं एवढंच होतं.

दुसऱ्याला लिनक्सवर लावून डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींची, खिडकी उघडी ठेवली. शेजारी कॉन्टॅक्टर (मशीनचा मोठा विजेचा स्विच) सुटला की ओळ येते : ‘डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग’. ईएमआय म्हणजे बाहेरून घुसलेला विद्युत गोंगाट. कर्नल स्वतःच प्रश्नचिन्ह टाकून शंका व्यक्त करतो, हे मला फार आवडतं. ‘एरर -७१’ (यूएसबीवरचा संवाद बिघडला) आली तरी संशय आधी तारेवर घ्यायचा, चिपवर नंतर.

केबल निघाली एमजी रोडवर मोबाईलच्या दुकानात मिळते तसली, दोन मीटरची. आवरणावर बारीक अक्षरात २८ एडब्ल्यूजी छापलंय. हे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक. म्हणजे आतली तार ०.३२ मिलिमीटरची, रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर धरले तर ०.८५ ओहम. ॲडॉप्टर ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर पाव व्होल्ट तारेतच जिरतो. लॅपटॉपचा पोर्ट आधीच ४.८ वर असेल तर ॲडॉप्टरच्या तोंडाशी साडेचार उरतात, वर कनेक्टरमधली घट वेगळीच. पॉवरच्या तारा २४ एडब्ल्यूजी असलेली एक मीटरची केबल लावली की हीच घट ०.०५ व्होल्टवर येते. शील्ड आहे का तेही बघायचं : दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांमध्ये कंटिन्युइटी (अखंड विद्युत जोड) मिळायला हवी. नसेल तर ती केबल फोन चार्ज करायला द्यावी.

केबल बदलली. तुटणं कमी झालं, थांबलं नाही. मग अर्थिंग.

लॅपटॉपच्या धातूवरून बोट हलकेच फिरवलं तर झिणझिण्या येतात. चार्जर दोन पिनांचा. त्याच्या आत मेन्स आणि आउटपुटच्या मध्ये वाय-कपॅसिटर (गोंगाट दाबणारा छोटा कपॅसिटर) असतो, त्यातून किंचित करंट झिरपतो आणि अर्थ नसलेली लॅपटॉपची बॉडी मधल्याच व्होल्टेजवर तरंगते. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक प्रोब लॅपटॉपच्या स्क्रूला, दुसरा जोडायच्या उपकरणाच्या मागच्या अर्थ टर्मिनलला लावला : शंभर व्होल्टच्या आसपास. करंट नगण्य, माणसाला धोका नाही. पण यूएसबीचा प्लग अर्धवट टेकतो त्या क्षणी तो डेटाच्या पिनेतून वाट काढू शकतो, आणि ॲडॉप्टर मरतात ते असेच. इलाज फुकटचा : तीन पिनांचा चार्जर, लॅपटॉप आणि उपकरण एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि आधी उपकरण अर्थ झालेलं असताना मगच यूएसबी जोडायची. सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजही मोजावं. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवावं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, वर मुरूम, जमीन सुकली की अर्थ नीट लागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं आठवतं ते थेट एप्रिलमध्ये.

एवढं करूनही त्रास राहिला तर एडीयूएम४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देतो, पण दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवतो) मध्ये घालायचा. तो फुल स्पीडपर्यंतच, १२ मेगाबिट. सीरियल ॲडॉप्टरला तेवढं पुष्कळ, हाय स्पीडच मागणाऱ्या उपकरणाला चालत नाही.

तिसरा, आरएस २३२ वाला, एचपीच्या ३४४०१ए या बेंचवरच्या मल्टिमीटरसोबत आला होता. या मीटरचं मूळ सेटिंग ९६०० बॉड (वेग), अक्षराला ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि स्टॉप बिट दोन. सॉफ्टवेअर ८-नन-१ (८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक) धरून बसलं की कचरा अक्षरं. शिवाय मीटर डीटीआर-डीएसआर हँडशेक वापरतो, म्हणजे ‘मी तयार, तू तयार?’ सांगणाऱ्या दोन वेगळ्या तारा. तीन तारांची केबल असेल तर तो डीएसआरची वाट बघत बसतो आणि शिव्या ॲडॉप्टरला पडतात. मीटरच्या बाजूच्या प्लगात ४ आणि ६ नंबरच्या पिना जोडून सोल्डर केल्या, ‘सिस्टिम रिमोट’ (मीटरला संगणकाच्या ताब्यात घेणारी) कमांड आधी पाठवली, गाडी रुळावर. फक्त आता हँडशेक राहिला नाही, म्हणून कमांडचा मारा सावकाश करायचा.

चौथा जीपीआयबी, आणि खरा गुंता इथेच. झाकण उघडलं : मायक्रोकंट्रोलरच्या पिना थेट २४ पिनांच्या कनेक्टरला. मध्ये ७५१६०-७५१६१ जोडीच्या ड्रायव्हर चिपा (तारांवर सिग्नलला जोर देणाऱ्या) नाहीत. मानकाप्रमाणे ड्रायव्हरने ४८ मिलिअँपिअर खेचायला हवेत, ही बिचारी चिप वीसच्या आसपास. एका उपकरणाला चालते, तीन लावली की लटपटते. त्यात बसवरचं (सगळ्या उपकरणांच्या सामाईक तारांवरचं) एखादं उपकरण बंद ठेवलं तर त्याचा बोजा वेगळा. किमान दोन-तृतीयांश उपकरणं चालू हवीत असा नियमच आहे. आणि कनेक्टर कसताना : काळे स्क्रू मेट्रिक, चंदेरी जुन्या इंची आट्यांचे. जोर केला तर आटे गेले.

टाइमआउटचीही, म्हणजे उत्तराची वाट बघून सॉफ्टवेअरने नाद सोडण्याची, तक्रार होती. ३४४०१ए शंभर पॉवर सायकलवर (मेन्स विजेच्या शंभर आवर्तनांइतकं एक मापन) ठेवला तर आपल्या ५० हर्ट्झला एका मापनाला २ सेकंद, ऑटोझीरो (मीटरने दर वेळी स्वतःचं शून्य तपासणं) धरून ४. पायव्हिसाचा (उपकरणांशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीचा) मूळ टाइमआउट २००० मिलिसेकंद! तो १०,००० केला. जुन्या ३४७८ए मीटरला ‘स्टार आयडीएन’ (‘तू कोण?’ विचारणारी कमांड) पाठवण्यात अर्थ नाही, ती कमांड १९८७च्या आयईईई ४८८.२ मानकातली, मीटर त्याआधीचा. त्याला नुसतं बोलायला लावलं की तो रीडिंग देतो.

चौथ्याला एकच उपकरण जोडून संध्याकाळी सहाला लावलाय, सेकंदाला एक रीडिंग. सकाळी आठला फाइलमध्ये ५०,४०० ओळी हव्यात.