शिळ्या कढीचा टीआरपी

कोरोनामुळे १९ मार्च २०२० पासून शूटिंग बंद झालं, तेव्हा आमच्या मराठी चॅनलची एपिसोड बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, फार तर आठवडाभर पुरेल एवढीच होती. डेली सोपचं असंच असतं. रात्री दिसणारा एपिसोड कधीकधी दुपारी एडिटवर असतो. मी प्रोग्रॅमिंगमध्ये आहे, म्हणजे कुठल्या स्लॉटला काय लागणार हे ठरवणारी. महिनाअखेरीस माझा अख्खा तक्ता रिपीटने भरला.

वरून आदेश सोपा होता: पहिल्या वेळी जे तुफान चाललं, तेच लावा. त्यामुळे आठचा स्लॉट जुन्या, एके काळी नंबर वन असलेल्या कौटुंबिक मालिकेला गेला. विनोदी स्किट्सचा कार्यक्रम साडेदहाला, म्हणजे जवळजवळ अडगळीत.

९ एप्रिलला, गुरुवारी, बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले. डीडी नॅशनल देशात पहिल्या क्रमांकावर! १९८७ सालचं 'रामायण' सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता लावून दूरदर्शनने सगळ्यांना मागे टाकलं होतं. व्हिडिओ कॉलवर बराच वेळ नुसती तीच चर्चा. मग आमची पाळी आली.

मालिका साफ झोपली होती. मी मिनिटागणिक आलेख उघडला आणि बघतच राहिले. शीर्षकगीताला प्रेक्षक भरभरून आले होते. गाणं संपलं तशी गळती लागली आणि पहिल्या ब्रेकनंतर निम्मे पसार. विचार केला तर यात नवल काही नाही. डेली सोप उभी असते ती 'उद्या काय' यावर. बेल वाजते, सून दार उघडते, तीन वेळा तिचा चेहरा दाखवतात आणि एपिसोड संपतो. दारात कोण आहे हे महाराष्ट्राला ठाऊक झाल्यावर ते तीन चेहरे कोण बघणार? त्यातून दिवाळी विशेष भाग ऐन चैत्रात.

साडेदहाचे स्किट्स मात्र तग धरून होते, आणि तिथली रेषा जवळपास सपाट. कुठूनही बघायला लागा, दहा मिनिटांत एक गोष्ट पूर्ण. पंच माहीत असला तरी बिघडत नाही. उलट घरातला एक जण तो आधीच म्हणून दाखवतो. गुन्हेकथांचंही तसंच. केस तासाभरात मिटते आणि खुनी कोण हे लोक खरंच विसरतात. 'सीआयडी' १९९८ ते २०१८ चाललं आणि त्याचे रिपीट अजून थकलेले नाहीत, ते उगाच नाही.

सगळ्यात वाईट हाल गाण्यांच्या स्पर्धेचे. विजेता कधीच गावोगावी कार्यक्रम करून आलेला, मग एलिमिनेशनला कुणाचा श्वास अडकणार? शिवाय जुन्या टेपवर 'एसएमएस करा'ची पट्टी कायमची छापलेली. ती झाकता झाकता आमचा क्यूसीचा, म्हणजे प्रसारणाआधी टेप तपासणारा, मुलगा रडकुंडीला आला. "ताई, पट्टीबरोबर स्पर्धकाची हनुवटीपण जातेय," म्हणाला. शेवटी परीक्षक, मार्क, रडारड सगळं काढून नुसती गाणी एकत्र करून लावली, तेव्हा कुठे ते जरा बघण्याजोगं झालं.

"पण मग 'रामायणा'चं काय?" सरांनी विचारलं. "त्याचा शेवट तर सगळ्या देशाला पाठ आहे."

"सर, १९८७ मध्ये तरी रावणाचं काय होतं हे बघायला कोण बसलं होतं?" मी म्हटलं. उत्सुकतेवर जे उभंच नव्हतं, त्याचं उत्सुकता संपून काय बिघडणार? शिवाय घरातली तीन पिढ्यांची माणसं एका खोलीत कोंडलेली आणि रिमोट आजीच्या हातात, हेही होतंच. सर काही बोलले नाहीत, पण "नवा तक्ता पाठव" म्हणाले.

जाहिराती तशाही आटल्या होत्या, त्यामुळे सेल्सवाल्यांनी फारशी कुरकुर केली नाही. आठला स्किट्स, नऊला गुन्हेकथा, मालिका दुपारी दोनला. रिपीटमध्ये वेळ वाचवायला शीर्षकगीत छाटायची आमच्याकडे रीत आहे. प्लेआउटच्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रसारण करणाऱ्या विभागाच्या, मेलमध्ये मी ठळक अक्षरांत लिहिलं: या मालिकेचं गाणं पूर्ण जाऊ द्या, कापायचं असेल तर सुनेचे चेहरे कापा.