आमची वाटचाल: कपबशीपासून बिअरच्या ग्लासापर्यंत

आमचं दुकान मूळचं कपबशीचं. वडिलांनी सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला तेव्हा मुख्य गिऱ्हाईक म्हणजे चहाची हॉटेलं, त्यांना डझनावारी कप लागायचे आणि ते फुटायचेच, त्यामुळे धंदा फिरत राहायचा. जोडीला आहेराचे सरबत सेट, लोणच्याच्या बरण्या, कंदिलाच्या काचा. फिरोजाबादचा माल पेंढ्यात गुंडाळून पेटीतून यायचा, पेटी उतरवली की वडील आधी ती हळूच हलवून बघायचे, आत खळखळलं की समजायचं गेले दोन-चार. काचेचा विषय निघाला की त्यांची गाडी कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याला आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाला गेल्याशिवाय थांबायची नाही, तिथून मग तळेगावचा पैसा फंड कारखाना, १९०८ सालचा, लोकांकडनं एकेक पैसा गोळा करून उभा केलेला. गिऱ्हाईक बशी हातात धरून उभं असायचं आणि हे सांगत बसायचे.

बिअरचे मग तेव्हाही होते बरं का, दांडीवाले, जाड, एकदम वरच्या फळीवर पेपरात गुंडाळून. मागणारा आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग "मालक, ते मोठे मग दाखवा की, सरबताचे" म्हणायचा. बिलावर आम्ही ज्यूस ग्लास लिहायचो. हे बरीच वर्षं चाललं. आता वहिनी लोक स्वतः येऊन सरळ विचारतात की ह्यांच्या वाढदिवसाला बिअरचा चांगला ग्लास द्यायचाय, कुठला देऊ, आणि वडिलांची पिढी असती तर गल्ल्यामागं तोंड लपवलं असतं.

बदल घडवला तो पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांनी. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, देशातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी, म्हणतात तिला, आणि मग तसल्या बऱ्याच निघाल्या. आपली पोरं तिकडं गव्हाची बिअर पिऊन हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवार-रविवार घरी यायची आणि दुकानात येऊन हातानं हवेत आकार काढून दाखवायची, "अण्णा, असला उंच, खाली बारीक, वर फुगलेला ग्लास हाय का?" नव्हता. मुंबईच्या होलसेलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला वायझन ग्लास म्हणतात त्याला, सहाचा बॉक्स घ्यावा लागेल. घेतला. मी स्वतः पिण्यातला फार नाही, वर्षाकाठी चार-दोनदा, पण काच कळते, आणि एकदा माल ठेवायला लागलो म्हटल्यावर हा असा का, तो तसा का, हे शोधायची सवय लागली.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न आकाराचा नसतो, बाटलीचा असतो. कुठली आणता? ६५० मिलीची मोठी, ३३०ची छोटी, का ५००चा कॅन? लोकांना वाटतं ३३०च्या बाटलीला ३३०चा ग्लास बास, पण फेसाला जागा नको का? दोन बोटं फेस यायलाच पाहिजे, बिअरचा वास त्या फेसातनंच नाकापर्यंत येतो आणि फेस आला म्हणजे जास्तीचा गॅसही आधीच निघून जातो, नाहीतर तोच पोटात जाऊन फुगतो. म्हणून ३३०ला ४००-४२०चा ग्लास धरायचा. ५००च्या कॅनला वायझन बरोबर बसतो कारण तो मुळातच अर्धा लिटर बिअर अधिक वर भरपूर फेस ह्या मापानं केलेला असतो, गव्हाच्या बिअरला फेस जास्त येतो म्हणून तर वरचं तोंड फुगीर.

६५०च्या बाटलीला काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. कारण बिअर शॉपीतनं घरी येते ती बहुतेक हीच, आणि ती पण स्ट्राँग. इथं लोक लगेच लिटरचा मग मागतात, जर्मनीत म्युनिकला बिअरचा ऑक्टोबरफेस्ट असतो त्याचे फोटो बघून. मी विकत नाही असं नाही, पण सांगतो आधी. तिकडं तो उत्सव सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो, गार हवेत. तुम्ही बसणार मे महिन्यात सोलापुरात गच्चीवर, दिवसभर ४२-४३ पारा गेलेला, फरशी रात्री दहालासुद्धा तापलेली. लिटरच्या मगात अख्खी बाटली ओतली तर शेवटचा अर्धा मग कोमट प्यायचा. त्यापेक्षा ३०० ते ४००चा ग्लास घ्या, दोन-तीनदा ओता, बाकीची बाटली फ्रीजमध्ये नाहीतर बर्फाच्या बादलीत. दांडीचा मग हवाच असेल तर अर्ध्या लिटरचा, दांडीमुळं हाताची ऊब काचेला लागत नाही हा त्याचा खरा फायदा आहे.

आकाराचं एवढं काय आहे ते पण सांगतो. साध्या लागरला, पिल्सनरला, म्हणजे नेहमीच्या फिकट पिवळ्या बिअरला, उंच आणि निमुळता, रंग दिसतो, बुडबुडे वर चढताना दिसतात, फेस टिकतो. ज्याला वास आहे, फळासारखा, मसाल्यासारखा, असल्या बिअरला पोट मोठं आणि गळा आवळलेला ट्यूलिप. बेल्जियमच्या डूव्हेलवाल्यांनी साठच्या दशकात आपल्या बिअरसाठी असाच ग्लास काढला, ३३०ची सगळी बाटली फेसासकट एकदम मावेल असा. तिकडं जवळपास प्रत्येक कंपनीचा ग्लास वेगळा. आमच्याकडं एक गिऱ्हाईक त्यातला क्वाकचा ग्लास घेऊन आलेला, खाली गोल बुड, टेबलावर उभाच राहत नाही, तो लाकडी स्टँडमध्ये अडकवायचा असतो आणि ह्यांचा स्टँड प्रवासात कुठंतरी राहिलेला. जोडभावी पेठेतल्या सुताराकडं नेलं त्यांना. सुतारानं ग्लास उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "काय बे, बूडच नाही तर घेतलाव कशाला?" पण स्टँड असा झकास करून दिला, सागवानी, की नंतर मी त्याच्याकडनं ग्लास वाळवायचे लाकडी रॅक करून घ्यायला लागलो आणि ते आता आमच्याकडं ग्लासापेक्षा जास्त खपतात.

आणि इंग्लंडचा नॉनिक, वर तोंडाच्या जरा खाली फुगवटा असलेला. तो फुगवटा चवीसाठी नाही, रचायच्या सोयीसाठी, एकात एक घातले तर अडकत नाहीत आणि तोंडाची कड टवकत नाही. इंग्लंडचा पाइंट ५६८ मिली, अमेरिकेचा ४७३, त्यामुळं ऑनलाइन नुसतं पाइंट ग्लास वाचून मागवू नका, मिलीलिटर बघा. साधे ग्लास एकात एक अडकले असतील तर ओढाओढी न करता वरच्यात गार पाणी भरा आणि खालचा कोमट पाण्यात धरा, सुटतात. ही युक्ती वडिलांची, चहाच्या ग्लासांची.

आता दुकानदारानं सांगू नये असं एक. रोजची स्ट्राँग लागर एकदम चिल्ड प्यायची असेल तर आकारानं फार फरक पडत नाही. एवढी गार केल्यावर वास तसाही दबतो. तिला तीन हजारांचा इम्पोर्टेड सेट घ्यायची काही गरज नाही, सरळ उंच ग्लास, पातळ कडेचा, दीडशे-दोनशेचा बास झाला. फरक पडतो तो धुण्यानं, आणि त्यावर कोण बोलत नाही.

बिअरचा फेस टिकतो तो सातूतली प्रोटीन आणि बिअरमधल्या हॉप्स नावाच्या फुलांचा कडू अंश ह्यांच्यामुळं, आणि तेलाचा नुसता ओशट हात लागला तरी तो बसतो. आपल्याकडं काय होतं, कढई घासलेल्याच घासणीनं ग्लास घासला जातो, वरून भांड्याच्या साबणाचा पातळ थर राहतो. मग शेंगाचटणी, फरसाण, तळलेली पापडी, त्याच बोटांनी ग्लास धरलेला, तेच ओठ कडेला. दोन मिनिटात फेस गायब आणि मग बिअर शॉपीवाल्याच्या नावानं बोंब, जुना माल दिला म्हणून. ग्लास ओतल्यावर बाजूला बघा, काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथं घाण आहे, बिअरचा दोष नाही. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटाबरोबर फेसाची एकेक कडी काचेवर मागं राहत जाते. घरी तपासायचं असेल तर ग्लास ओला करून आत मीठ भुरभुरा, जिथं तेलकट आहे तिथं मीठ चिकटत नाही. बिअरच्या ग्लासाला वेगळी घासणी ठेवा, एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

पांढुरके डाग पडतात ते बोअरच्या पाण्याचे, क्षाराचे. व्हिनेगर पाण्यात मिसळून थोडा वेळ ठेवा, मग धुवा. आणि पुसायचं कशानं? इथं माझी जरा पंचाईत होते. अख्ख्या जगाला टॉवेल विकणाऱ्या गावात राहून मला सांगावं लागतं की टेरी टॉवेलनं ग्लास पुसू नका, त्याचे तंतू आत राहतात आणि फेस त्यांच्यावर फुटतो. एक गिऱ्हाईक तर स्वतः टॉवेल कारखानदार, एमआयडीसीतले, ते म्हणाले, "आमच्या पोटावर पाय देऊलालाव की ओ तुम्ही!" मग हसून दोन रॅक घेऊन गेले. पुसूच नका, रॅकवर उलटा टांगून वाळू द्या, खालून हवा लागली पाहिजे, ओट्यावर सपाट पालथा घातला तर आत कोंदट वास बसतो.

फ्रीजरमध्ये ग्लास ठेवून पांढरा करायची पण फॅशन आलीय, बारमध्ये बघून. दिसतं भारी, मान्य. पण आत बर्फाचे कण असतात, त्यावर ओतलं की फसाफसा फेस येतो, वर ते वितळून बिअर पातळ होते. शिवाय गरम पाण्यानं धुतलेला ग्लास तसाच फ्रीजरमध्ये टाकला तर तडकणारच, साधी काच आहे ती. त्यापेक्षा ओतायच्या आधी गार पाण्यानं नुसता विसळा, तिरपा धरून ओता, अर्ध्याच्या वर गेला की सरळ करा.

स्टीलच्या पेल्यात चालेल का, हे विचारणारे अजून आहेत. चालतं की, काही विष होत नाही. रंग दिसत नाही आणि फेस कळत नाही एवढंच. एका काकांचं म्हणणं असं की रंग दिसत नाही म्हणूनच तर स्टीलचा घेतो, नातवंडं घरात असतात. ह्यावर आपण काय बोलणार.

धंद्याच्या बाजूनं बघायचं तर आम्हाला तारलं ते बॉक्स फोडून विकण्यानं. होलसेलला सगळं सहाच्या हिशोबात येतं आणि आहेराला ते बरोबरही आहे, पण घरी पिणारा एक असतो, फार तर दोन. त्याला सहा ट्यूलिप घेऊन काय करायचंय? आम्ही एकेक नग द्यायला लागलो. आमच्या लाइनीतल्या काही जणांनी वेड्यात काढलं, सुटे उरलेले नग कुठं घालणार म्हणून, आणि सुरुवातीला उरलेही. पण ग्लास फुटतात, आणि ज्याचा दोनातला एक फुटला तो माणूस तोच ग्लास शोधत परत येतो. ऑनलाइनवाल्यांशी भावात आम्ही टिकत नाही, त्यांचा सेट आमच्या खरेदीच्या भावात पडतो कधीकधी, पण त्यांच्याकडं पुढच्या वर्षी तोच एक नग मिळत नाही. म्हणून आम्ही प्रकार कमी ठेवलेत आणि तेच वर्षानुवर्षं ठेवतो: एक सरळ उंच, एक वायझन, एक ट्यूलिप, एक नॉनिक आणि अर्ध्या लिटरचा दांडीवाला. टफन केलेला, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेचा, हवा का विचारतात, तो फुटला तर बारीक दाणे होतात, मोठा धारदार तुकडा पडत नाही, पोरंबाळं घरात असतील तर घ्या. पण कड जाड असते, ओठाला कळते.

सीझन म्हणाल तर एप्रिल-मे, मग गटारीच्या आधीचा आठवडा एकदम जोरात, श्रावणात सामसूम. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, खेड्यापाड्यातनं माणसं येतात तेव्हा कपबशी आणि बरण्याच जास्त जातात, अजून. आयपीएलला दांडीवाले मग. कॉलेजची पोरं घोळक्यानं येतात तेव्हा मी आठवण करून देतो की महाराष्ट्रात बिअरला एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो, ते म्हणतात "कोल्ड कॉफीला घेऊलालाव अण्णा". म्हणजे सरबताचे मग परत आले म्हणायचे.

वायझनचा माल सध्या संपलाय, गटारीच्या आधी येईल. जुन्या ग्लासाचा जोड हवा असेल तर नुसतं वर्णन नको, ग्लास उलटा करून बुडाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, कंपनीचा शिक्का बहुतेक तिथंच असतो, आणि तोंडाची रुंदी फूटपट्टीनं मोजून लिहा. दुकान सोमवारी बंद.