मटणाचं पातेलं वेगळं, दुधाचं वेगळं

नाशिकच्या भांडी बाजारात पातेलं घेताना आपण गेज बघतो, बूड बघतो, झाकण बसतंय का बघतो. कोशेर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धर्मनियम, पाळणाऱ्या घरात त्याआधीच एक गोष्ट ठरलेली असते: हे मटणाचं की दुधाचं?

आपल्याकडेही बऱ्याच घरांत मटणाची भांडी वेगळी असतात, त्यामुळे ही प्रथा ओळखीची वाटते आणि तिथेच गफलत होते. हे सोवळं-ओवळं नाही. कोशेर पद्धतीनं कापलेलं मटण चालतं, दूधही चालतं. चालत नाही ती दोघांची गाठ. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीनदा येते. त्यावरून धर्मपंडितांनी तीन मनाया काढल्या: एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही आणि तसं शिजलेल्यातून कसला फायदाही घ्यायचा नाही. कोंबडी पुढे मांसातच धरली गेली. अंडी, भाज्या, धान्य मात्र ‘पारेव्ह’, म्हणजे दोन्हीकडे चालणारं. साजूक तूप दुधातच मोडतं, म्हणून तुपाची धार सोडलेलं वरण मटणाच्या ताटात येत नाही. कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध घालतात ते यामुळेच. दाटपणा तोच, कायदा शाबूत.

यात भांडं येतं ते चवीमुळे. गरम पदार्थाची चव भांड्याच्या अंगात मुरते आणि पुढच्या वेळी भांडं तापलं की ती बाहेर पडते, असं हा कायदा मानतो. म्हणून राखेनं घासून लख्ख केलेलं पातेलंही मटणाचंच राहतं. स्वच्छतेचा विचार बाजूला ठेवला की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

चव मुरायला उष्णता लागते, चटका बसून हात मागे यावा इतकी. साधारण ४५ अंश सेल्सिअस धरतात. थंड पातळ पदार्थ सलग २४ तास भांड्यात राहिला तरी तो शिजल्यासारखाच धरला जातो. तिसरी वाट आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त नडणारी आहे: कांदा, लसूण, मुळा, मिरची. या उग्र पदार्थांना उष्णता लागतच नाही. सुरीचा दाब आणि त्यांचा स्वतःचा उग्रपणा मिळून पात्यातली चव ओढून घेतात. मटणाच्या सुरीनं चिरलेला लासलगावचा कांदा पावभाजीसाठी लोण्यात परतता येत नाही, सुरी कितीही स्वच्छ असली तरी. म्हणून मी म्हणेन, कोशेर स्वयंपाकघर मांडताना पहिल्याच दिवशी कांदा-लसणासाठी तिसरी, पारेव्ह सुरी आणि वेगळा पाट घ्या. खलबत्त्याचंही तेच.

चूक होतेच. शेजारच्या शेगडीवर दूध उतू जातं, थेंब रश्श्यात पडतो. रस्सा त्या थेंबाच्या साठपट असेल तर चव विरली असं धरतात. मात्र मुद्दाम पाणी वाढवून साठपट करायला परवानगी नाही. दुधाचा डाव चुकून उकळत्या रश्श्यात गेला तर हिशोब कडक होतो, कारण डावाचा बुडालेला सगळा भाग दुधाचा समजून त्याच्या साठपट रस्सा लागतो. डाव गेल्या २४ तासांत गरम दुधात गेलाच नसेल तर त्यातली चव बिघडलेली मानतात. मग रस्सा वाचतो, डाव मात्र शुद्ध करावा लागतो.

त्या शुद्धीला ‘हगाला’ म्हणतात. तत्त्व सोपं आहे: चव जशी आत गेली तशीच बाहेर काढायची. भांडं गंज, खरकटं, स्टिकरचा चिकटा काहीही न ठेवता घासायचं, २४ तास वापरायचं नाही, मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायचं. भांडं आत जाताच पाण्याची उकळी बसते. ती परत येईपर्यंत थांबायचं आणि बाहेर काढून गार पाण्यानं धुवायचं. घाई होते ती इथेच. बुडवता न येणाऱ्या मोठ्या पातेल्यात काठोकाठ पाणी उकळून त्यात तापवलेला दगड सोडतात, म्हणजे उकळतं पाणी काठावरूनही ओसंडतं. कानांच्या रिबिटांखाली मळ अडकलेला असेल तर सगळी मेहनत फुकट. थेट आगीवरच्या शिगांना पाणी पुरत नाही, त्या लालभडक तापवाव्या लागतात. मातीची हंडी शुद्ध होतच नाही. मंदिरातल्या बलीचं मांस शिजवलेलं मातीचं भांडं फोडा आणि तांब्याचं घासून धुवा, असं तोरामधल्या लेवीय ग्रंथातच सांगितलंय. काचेवर मात्र मतभेद आहे: सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेत काच काही शोषत नाही; अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची, परंपरा कडक आहे.

कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग यांच्या खाचा नीट साफ होत नाहीत. तिथे दुसरा कुकर घेणंच बरं, आणि घेतल्या घेतल्या दोघांच्या मुठींना वेगळ्या रंगाची पट्टी लावायची. बऱ्याच घरांत लाल मटणाची, निळी दुधाची.