तुमच्या नर्मदेला मासे नाहीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्याहून, अलिबागेहून कोणीही पाहुणा इंदूरला आला की दुसऱ्या दिवशी पानावर बसल्या बसल्या हाच प्रश्न येतो. ‘नर्मदा इथून दीड तासावर, आणि तुम्ही हा आंध्राचा बर्फातला रोहू खाता?’ आम्ही चार पिढ्यांचे इंदूरकर सीकेपी. सोमवार-गुरुवार पाळून उरलेल्या दिवशी मासे लागतातच. पण उत्तर लांबतं, म्हणून पाहुण्याला आधी वाढतो.

1984 साली बँकेने माझी बदली निमाडात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या नर्मदाकाठच्या पट्ट्यात, बडवानीला केली. नर्मदेवरचा राजघाट तिथून पाच किलोमीटर. रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघायचं. केवट-कहार, म्हणजे तिथले नावाडी-मच्छीमार, तोवर रात्रीची जाळी सोडवत बसलेले असायचे. बाडस मी पहिल्यांदा तिथे पाहिला. तुम्ही त्याला महसीर म्हणाल. पाठ काळपट हिरवी, कुशी सोनेरी आणि खवला जुन्या रुपयाएवढा. घरी आणला आणि बायकोने विळीवर घेतला, तर एक खवला उडाला तो थेट देवघरात, बाळकृष्णाच्या पायाशी. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘उरलाय का रे थोडा?’

हा मासा वाहत्या पाण्याचा. पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढायचं, गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालायची, हा त्याचा संसार. आता बघा: वर इंदिरासागर धरण 2005 साली, त्याखाली ओंकारेश्वर 2007 साली, मग महेश्वर. खालून सरदार सरोवराचे दरवाजे 2017 साली बंद झाले आणि 2019च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं. निमाडात आता नदी कमी आणि एकाखाली एक मांडून ठेवलेली तळीच जास्त. जिथे थोडी वाहते, तिथली वाळू डंपरमध्ये. बाडस वर चढणार कुठे आणि अंडी घालणार कशावर? 2011 साली मध्य प्रदेश सरकारने त्याला राज्यमासा केलं. मान मिळाला, पण तोवर जाळ्यात यायचा जवळजवळ थांबला होता. बडवाहला वनखातं त्याची पिल्लं तळ्यात वाढवतंय, ते चांगलंच आहे. पण पिल्लू सोडायला वाहती नदी हवी ना!

मग धरणांत काय आहे? रोहू, कतला, मृगल. यांचं बीज सोडतात, ते वाढतात. म्हणजे मासा आहे. भांडण आहे ते त्याच्यावर.

राज्यांमधला नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या नर्मदा लवादाने 1979 साली लिहून ठेवलंय की ज्या राज्याची जमीन बुडेल, तिच्यावरच्या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क त्या राज्याचा. ठीक. पण राज्याच्या हातातून तो कोणाच्या जाळ्यापर्यंत पोहोचायचा? मोठी धरणं राज्याच्या मत्स्य महासंघाकडे, महासंघाकडून ठेकेदाराकडे. मच्छीमाराने पकडायचं, ठेकेदाराच्या काट्यावर घालायचं आणि तो देईल तो किलोमागचा दर घ्यायचा. बाहेर विकलं तर ती चोरी. बडवानी-धारकडच्या विस्थापितांनी सहकारी समित्या काढल्या, त्यांचं म्हणणं एवढंच: गावं आमची बुडाली, तलाव ठेकेदाराला देऊ नका, आम्हाला द्या.

हे जमतं का, असं विचाराल तर तवा धरण बघा. इटारसीकडच्या त्या धरणात 44 गावं गेली. बरीच वर्षं भांडून 1996 साली विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला तलाव पाच वर्षांसाठी मिळाला. त्यांनी बंदीचा काळ स्वतः पाळला, रात्री स्वतः गस्त घातली आणि उत्पादन तीनशे टनांच्या वर नेलं. पुन्हा पाच वर्षं मिळाली. 2006ला मुदत संपली, आणि तलावाचा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो म्हणून पुढे लीज नाही. वाघाशी माझं वैर नाही. पण उत्तम चाललेली गोष्ट मोडायला आपल्याकडे कारण नेहमी सापडतं, हेही खरं.

तीन वर्षांपूर्वी मी पुन्हा राजघाटाकडे गेलो. जुना पूल पाण्याखाली, घाट पाण्याखाली. सत्तरीचा एक कहार नाव वल्हवत मला मध्यावर घेऊन गेला आणि वल्हं सरळ खाली रोवल्यासारखं धरून म्हणाला, ‘साहब, मेरी डांगरबाड़ी इसके नीचे है।’ उन्हाळ्यात नदी आटली की काठच्या गाळात तो खरबुजं-टरबुजं लावायचा. त्या गाळाचा सातबारा नसतो, म्हणून भरपाईही नाही. त्याच जागेवर तो आता जाळं टाकतो, आणि ठेकेदाराच्या मोटारबोटीचा आवाज आला की गुंडाळून घेतो. मी विचारलं, बाडस? त्याने नुसती मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.

तेव्हा पुढच्या वेळी ताजा मासा खायचाच असेल तर 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी असते, ती सोडून या. बडवानीला जाऊ. रोहू मिळेल, कतला मिळेल. पिशवी घरून घेऊ, भाव करायचा नाही. आणि परतताना काठावर कोणी विचारलं, मासा कोणाकडून घेतला, तर तुम्ही बोलू नका, मी बोलेन.